धवलेरीशिवाय लग्न

पाडा सोडला तेव्हा बाबा मला आश्रमशाळेच्या फाटकापर्यंत पोचवायला आला होता. कपड्यांची पिशवी हातात देऊन म्हणाला, "इथं आपलं बोलायचं नाही. ही माणसं बोलतील तसं बोल." तो वळला तशी मी रडत त्याला वारलीतच हाक मारली आणि पहिली छडी तिथंच खाल्ली. बाबाने ती पाहिली, पण तो थांबला नाही. त्या दिवशी मला मास्तरांपेक्षा त्याचाच राग जास्त आला होता.

पाड्यावरच्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या टिटवाळ्याला, कल्याणला येऊन राहिलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. सुरेखाच्या लग्नात मी माइकवर जे बोलले त्याबद्दल तुम्ही अजून कुजबुजता. समोर येऊन मात्र कुणी विचारत नाही.

ज्या भाषेपायी मार खाल्ला, त्याच भाषेवर पुढे माझी भाकरी शिजली, हे खरं आहे. शिक्षिका झाले, पहिलीच्या पोरांना वारलीतून शिकवलं, त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तकं केली. ठाण्याच्या ऑफिसांत साहेबांशी भांडले. समाजाची अध्यक्ष झाले. टिटवाळ्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये शाली ठेवायला आता कपाट पुरत नाही. पाड्यावर मात्र तुम्ही मला तोंडावर विचारलंत, "वारली शिकवून आमची पोरं इथंच सडवायचीत का? तू बरी सुटलीस." तेही मी गिळलं.

माझी आय धवलेरी होती. आपल्यात लग्न लावते ती धवलेरी, गाऊन लावते. आय म्हणायची, "धवलेरी गायली नाही तर ते लग्न नाय, नुसतं जेवण." ती गेल्यावर पाड्यात ती गाणी पुरती येणारी मी एकटीच उरले. सुरेखा, माझ्या भावाची, लखमाची मुलगी, मी शिकवलेल्या पहिल्या वर्गातली. तिचं लग्न मीच लावणार, असं मी आयला शेवटच्या आजारपणात कबूल केलं होतं.

नवरा आपल्याच समाजातला, पण त्यांचं घर दोन पिढ्या ठाणे शहरात, बाळकुमला. वारली त्यांच्या भिंतीवर आहे, फ्रेममध्ये. कल्याणच्या हॉलमध्ये मी गायला बसणार, तेवढ्यात सुरेखाच बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, प्लीज तू गाऊ नकोस ना. त्यांच्याकडचे सगळे व्हिडिओ काढतात गं, हसतील." मी लखमाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताय, तिला तिथं नांदायचंय." मग भटजी आले, मंगलाष्टका झाल्या, डीजे लागला. मी खुर्चीत बसून राहिले.

पंगत बसली आणि नवऱ्याच्या काकांनी माइक घेतला. वारली भाषेसाठी आयुष्य वेचणाऱ्या आदरणीय मॅडमचा सत्कार! शाल, नारळ, फोटो. "आता मॅडम आपल्या भाषेत दोन शब्द बोलतील, थोडक्यात," असं म्हणत त्यांनी हसून माइक माझ्या हातात दिला.

मी आयच्या वारलीत, सावकाश सांगितलं की या पोरीचं लग्न लागलेलं नाही. तुम्ही सगळे नुसते जेवायला आलात.

बाळकुमवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काका म्हणाले, "वा, किती गोड भाषा!" नवराही टाळ्या वाजवत होता. त्याच्या शेजारी सुरेखाचा चेहरा पांढराफटक पडला, कारण याच भाषेतून मी तिला वाचायला शिकवलं होतं. लखमाने ताट सारलं. पाड्यावरून आलेल्या तुम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. सुरेखा त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही, लखमाच्या दारात मला पाऊल ठेवायला बंदी आहे. कुणी विचारलं, मॅडम, तुमचं घर कुठलं, की मी पाड्याचंही नाव घेत नाही आणि टिटवाळ्याचंही. त्या हॉलमध्ये ज्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेवढीच माणसं माझं घर आहेत. आणि ती माझं तोंड बघत नाहीत.