बंद करून बघायचं राहिलं

शिनोलीचा हौशीराम म्हणजे लष्कराच्या छावणीत लाईट घालवणारा माणूस. हसू नका, पगारच त्याचा व्हता त्याला! भर दुपारी मेन स्विच खाली ओढायचा आन् जनरेटर सगळ्या छावणीचा भार उचलतंय का, ते बघायचं. दवाखाना असू दे, वायरलेसची खोली असू दे, कुणाची गय नाय. साहेब लोक घामाघूम होऊन वरडायचे, हा आपला मिशीत हसायचा. "रिकामं जनरेटर कुणाचंबी फिरतंय, साहेब. भार टाकल्याबिगर त्याचा दम कळत नाय."

असा हा खडूस रिटायर होऊन घरी आला आन् बायकोपुढं पार मेणाचा झाला. लंकाबाईची छाती चुलीच्या धुरानं गेलेली. नाकात नळी, उशाला ऑक्सिजनचं मशीन. त्याच्यासाठी यानं इन्व्हर्टर बसवला. एक बल्ब आन् पंखा लावून बघितला, झ्याक चालला.

लंकाबाई जिभेची तिखट. "अवं, माझं मशीन लावून बघा की."

"बघू."

"बघू काय? मेजरसाहेबाची लाईट घालवताना हात नाय कापला, आन् बायकोची घालवायला भ्या वाटतंय व्हय?"

"गप पड, लंके. दम लागंल."

वाटत व्हतंच भ्या. मशीन थांबलं की किंचाळायचं, आन् तिचे डोळे कसे मोठे व्हायचे, ते त्यानं आधी एकदा बघितलं व्हतं. खटक्यापर्यंत हात जायचा आन् माघारी यायचा. उद्या बघू, उद्या बघू करत आठवडा गेला. लाईटीनंबी तेवढा आठवडा दगा दिला नाय.

मग एका सकाळी वाऱ्यानं झाड पडलं, तार तुटली. इन्व्हर्टरनं मशीन उचललं. लंकाबाई हसलीसुद्धा. "बघा, चाललं की!" आन् तिच्या कपातला चहा संपायच्या आत बॅटरी बसली.

शेजारच्या भगवंतानं जीप काढली. घोडेगावच्या दवाखान्याच्या वाटेवरच लंकाबाईनं हौशीरामच्या मांडीवर मान टाकली.

दहाव्यापर्यंत भगवंत रोज चहा घेऊन यायचा, आन् लाईटवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचा. "त्यांनीच मारली आमच्या वहिनीला!"

हौशीराम एक दिवस म्हणाला, "त्यांना नको बोलू, भाऊ. लाईट तर जायाचीच. म्हणून तर मला नोकरी व्हती."

भगवंतानं चहा पुढं सरकवला. हौशीरामनं कप उचलला, पण तोंडाला काय लावला नाय.