निराधार परदेशी गेला तर

कळमनुरीत स्टँडजवळ माझं ऑनलाइनचं दुकान आहे. निराधार योजनेतल्या माणसाला आपण जिवंत आहोत हे दर वर्षी दाखवावं लागतं. ते काम माझ्याकडं. मशीनवर अंगठा, नाहीतर मोबाइलसमोर चेहरा. नेट हमखास बंद पडतं, मग माणसं बाकावर टेकतात आणि बोलायला लागतात. या पैशाला आमच्याकडं 'पगार' म्हणतात. पगार चालू असताना कुणी देशाबाहेर गेलं की काय होतं, याचे किस्से इतके साचलेत, की गिऱ्हाईक नसलं की मी आणि शेजारचा झेरॉक्सवाला तेच बोलत बसतो.

*

अनुसयामावशी गावातल्या बायांबरोबर लुंबिनीला गेल्या. नेपाळ म्हणजे परदेश, हे त्यांना हद्दीवर गाडी थांबली तेव्हा कळलं. नेमकी तेव्हाच गावात पडताळणी आली. मावशींच्या दाराला कुलूप. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई गेली."

म्हातारी बाई 'गेली' म्हटल्यावर पुढचं कोण विचारतं? नाव कटलं.

नव्यानं अर्ज भरताना मी विचारलं, "मावशी, कारण काय लिहू?"

"लिव्ह, वापस आली."

नाव चढेपर्यंत उन्हाळा सरला. तोवर मावशी बीपीची गोळी एक दिवसाआड घेत होत्या.

*

शांताबाई लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला गेल्या. जावई तिकडं वेल्डर. हयात दाखवायची वेळ आली तशी त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला. "भाऊ, हे बघ माझं तोंड. बघून घे अन् टाक लिहून."

तसं चालत नाही. आधी ओटीपी लागतो, आणि तो येणार त्यांच्या जुन्या मोबाइलवर. तो मोबाइल गावाकडं दिराजवळ. दिराला फोन केला, तर तो म्हणाला, "बँकवाल्यानं बजावलंय, ओटीपी कुनालाच सांगायचा न्हाई."

"अहो, तुमच्या वहिनीचाच आहे."

"वहिनीलाबी न्हाई."

शांताबाई परत येईपर्यंत पगार बंद राहिला. दिरानं मोबाइल मात्र जिवापाड जपला होता.

*

रहीमचाचांना एकच पाय. नांदेडचा भाचा त्यांना स्वतःच्या खर्चानं मक्केला, उमऱ्याला नेत होता. चाचा आधी माझ्याकडं आले. "बेटा, बाहेर गेलो तर पगार बंद तं न्हाई व्हनार?"

मी तहसील ऑफिसात जाऊन विचारलं. साहेबांनी बराच वेळ कागद चाळले. मग म्हणाले, "निराधार मानूस विमानात बसंल, असं कुनी धरलंच न्हाई. नियमच न्हाई."

चाचांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "नियम न्हाई म्हंजे जाऊ, का नको जाऊ?"

चाचा गेले नाहीत. भाचा एकटाच जाऊन आला, येताना जमजमचं पाणी घेऊन आला. त्याच हिवाळ्यात ते पाणी चाचांच्या ओठांना लावावं लागलं.

*

गयाबाई विधवा. एकुलता एक मुलगा दत्ता बहारीनला क्रेनवर लागला. कमावतं पोरगं असलं की आईला निराधार धरत नाहीत. कुणीतरी त्यांच्याविरुद्ध अर्ज दिला, गयाबाईंचं नाव कटलं. त्यांनी तक्रार केली नाही. "बराबर हाय. लेक कमवून राहिला, मला कशाला पायजे?"

पुढं दत्तानं आईला तिकडं बोलावून घेतलं. तिथून त्या मला फोटो पाठवायच्या. समुद्र, मोठमोठे रस्ते, क्रेनच्या केबिनमध्ये हसणारा दत्ता.

क्रेन उलटली तेव्हा गयाबाई खोलीवर त्याच्यासाठी भाकरी थापत होत्या. ज्या विमानानं त्या परत आल्या, त्याच विमानात खाली दत्ताची पेटी होती.

दत्ताचे दिवस झाल्यावर त्या दुकानात आल्या. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. त्या बाकाच्या टोकाला बसून राहिल्या. पाणी दिलं, घेतलं नाही. गर्दी पांगल्यावर उठल्या आणि काउंटरशी आल्या.

"भाऊ, पोरगं हाय म्हनून मी नियमात बसत नव्हते ना?"

"व्हय, मावशी."

"मग आता बसते का बघ."