न खोडलेली उत्तरे

नात मुक्ता खिडकीशी बसून गेल्या वर्षीचा प्रश्नसंच चाळत होती. पानोपानी पेन्सिलीने लिहिलेली तिची उत्तरे होती, त्यांत चुकलेलीही पुष्कळ. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत थोडक्या गुणांनी तिची जागा हुकली. परीक्षा पुन्हा द्यावी की मिळेल त्या महाविद्यालयात जावे, यावर घरात महिनाभर खल चालला आहे.

माझ्या मुलाने तिच्यापुढे खोडरबर ठेवले.

"पुन्हा बसायचंच असेल तर आधी हे सगळं खोड. आणि रिपीटर आहे म्हणून गावभर सांगत सुटू नकोस."

"विचारलं तर सांगणार, बाबा. आणि खोडणारही नाही. कुठे चुकले ते मला दिसायला हवं."

"वर्ष वाया जाईल, कळतंय का?"

"माझंच जाईल ना!"

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. बरोबर उत्तरे आपण मुलांना शिकवतो. स्वतःच्या चुकीकडे मान ताठ ठेवून पाहायला कोणी शिकवीत नाही. हिला ते कोठून आले, ठाऊक नाही. आमच्या घरातून खचितच नव्हे.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा तिला," मुलगा म्हणाला.

मी खोडरबर उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.