लहान मुलांचा चष्मा

लालबागच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला. त्यात समुद्र दिसतो म्हणे. इकडे तिची किडकी दाढ कोरली जात होती आणि तिकडे तिचं बोट हवेत माशांच्या मागे फिरत होतं. ती एकदाही रडली नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण आली ती चीड. इतकं सोपं असतं हे?

दाढ दुखली की माझ्या आईचा एकच उपाय, मशेरी. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि हिरड्यांना चोळायची. आमच्या चाळीत सगळ्याच बायका लावायच्या. भाजायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. पुढे आईच्या गालात कॅन्सर निघाला. परळच्या हॉस्पिटलातून घरी आणल्यावर तिच्या जखमेचं ड्रेसिंग मीच करायचे. तेवढा वेळ लेकीला बाहेर गॅलरीत पाठवून दार लोटून घ्यायचे. पोरीला ते दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

चष्मा निघाल्यावर लेकीने बधिर ओठांनी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या आजीला का नाही दिला हा?"

डॉक्टर हसले. "हा लहान मुलांसाठी असतो, बाळा."

ती माझ्याकडे वळली. "पण आई, तू रोज ओरडायचीस ना आजीवर, लहान मुलासारखी काय रडतेस म्हणून?"