मुळ्याची विरळणी

खिडकीतल्या थर्माकोलच्या खोक्यात मी मूठभर मुळ्याचं बी फेकलं होतं. सगळंच उगवलं. शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या, "अहो, केवढी ही दाटी! निम्मी रोपं उपटा, नाहीतर एकही मुळा पोसणार नाही."

"कुठली निम्मी?"

"हाताला येतील ती."

घरात झुरळ मारायलाही मला बायको लागते. तरी बसलो. मानगूट धरायची, ओढायचं. पांढरी मुळं मातीला चिकटून होती. तुटताना बारीक आवाज व्हायचा. त्यांचा गुन्हा एवढाच, की ती उगवली. हळूहळू हात सरावला, तेच भयंकर होतं. मेलेल्यांची कोशिंबीर केली. चवदार झाली.

संध्याकाळी उरलेल्यांना पाणी घालायला हात पुढे केला, तर वाऱ्यानं सगळी एकदम मागे झुकली.