दस्ती डोक्याला

विकायच्या मालाला आधी पोटभर नावं ठेवून मगच तो विकणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, म्हणून ते माझे मामा. पुढे पुढे ते निम्म्या लातूरचेच मामा झाले. गोलाईच्या, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजाराच्या, मागच्या बोळात त्यांची पत्र्याची शेड होती आणि दर रविवारी तिथे जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा. कपाटं, पलंग, सायकली, बंब, घंगाळं, रेडिओ, ऑईल इंजिनं, आणि एकदा तर बंद पडलेल्या एका नाटक मंडळीचं सिंहासनसुद्धा. आता लिलाव पुकारणाऱ्याचा धर्म काय? तर पितळेला असं घासायचं की बघणाऱ्याला ते सोनं वाटलं पाहिजे. मामा मात्र वस्तूवर हात ठेवून उभे राहायचे आणि तिच्या दुखण्यांपासून सुरुवात करायचे. "हे कपाट. पाय चार हायत, पण त्यातला एक दुसऱ्या कपाटाचा हाय. कुलूप लागतंय, पण उघडाया दोन माणसं लागत्यात. आतून झुरळाचा वास येतोय, दोनदा धुतलं, न्हाई गेला. हं, बोला!" आणि नवल म्हणजे लोक बोलायचे. मामांकडून नेलेल्या वस्तूत घरी गेल्यावर नवा दोष निघत नसे, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी गिऱ्हाईक इतर दुकानं ओलांडून त्यांच्याकडे यायचं.

त्यांचे शब्दही मोजून मापून घेतलेले असत. एखादं टेबल "सागवानी हाय" असं मामा म्हणाले, तर समजायचं की त्यांनी स्वतः कोपरा तासून, नाकाला लावून खात्री केली आहे. "सागवानी म्हणत्यात" म्हणाले, तर ते मालकाचं मत. आणि "सागवानी असंल बी" असं म्हणाले, की जाणती माणसं तंबाखू मळायला बाहेर जात. त्या काळात जो उठेल तो आपली मोडकी खुर्ची निजामाच्या काळातली म्हणून आणायचा. अशा एका खुर्चीचा मालक शेजारी उभा असताना मामांनी पुकारा केला, "मालक म्हणत्यात, हिच्यावर नवाब बसायचे. मी म्हणतो, कुणीतरी लई जड माणूस बसायचा, एवढं खरं." तो मालक पुढे वर्षभर मामांशी बोलला नाही, पण त्याची शिडी मात्र मामांकडूनच विकली गेली.

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची दस्ती. दस्ती म्हणजे आपला खांद्यावरचा पंचा. ती मामांच्या खांद्यावर असेल, तर त्या वस्तूत त्यांचा दलालीपलीकडे काही संबंध नाही. पण वस्तू त्यांची स्वतःची असेल, सोयऱ्याधायऱ्याची असेल, किंवा ती विकली गेल्यानं त्यांचा कसलाही फायदा होणार असेल, तर पुकारा सुरू करण्याआधी ते खांद्यावरची दस्ती काढून डोक्याला गुंडाळायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "दस्ती डोक्याला! ही सायकल माझ्या साडूची हाय. माझं बोलणं जरा जपून ऐका." नेहमीचं गिऱ्हाईक आत आलं की आधी मामांच्या डोक्याकडे बघायचं आणि मग मालाकडे. टोपी घातली तर खूण झाकून जाईल म्हणून मामांनी जन्मात टोपी घातली नाही. शेजारचे दुकानदार पोटतिडकीनं सांगायचे, "मामा, सोडा की ही दस्ती! भाव पडतोय तुमचा." मामा म्हणायचे, "भाव पडंल. मी न्हाई पडायचो."

बरं, हे खूळ लिलावापुरतं असतं तर आत्यानं सुखानं संसार केला असता. पण मामा घरात, दारात, सोयरिकीतसुद्धा तसेच. माझ्या थोरल्या बहिणीला उदगीरचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या वडलांनी मोठ्या विश्वासानं मामांना मध्यस्थ घातलं. बैठक बसली, सुपारी ठेवली, सगळ्यांनी मामांकडे बघितलं. आणि मामांनी खांद्यावरची दस्ती काढून डोक्याला बांधली. "पोरगा चांगला हाय," ते म्हणाले, "पण परवा ह्यांच्या घरी मी पुरणपोळी खाल्ली हाय, तूप लई होतं. तवा माझं मत रुपयाला चार आणे कमी धरा." आमच्या वडलांचा चेहरा पडला आणि व्याह्यांना ठसका लागला. लग्न झालं, संसारही नेटका झाला. पण बहिणीचा नवरा अजून स्वतःची ओळख बारा आण्यांचा जावई म्हणून करून देतो. मयताच्या घरी समाचाराला गेले तरी मामांचं तेच. "माणूस लई भला होता" म्हणायचे, आणि पाठोपाठ, "आता माझी शिडी त्यांच्याकडं राहिली हाय, म्हणून न्हाई म्हणत मी."

लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. मी नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो आणि आत्याकडेच राहायचो. रोज कुणीतरी नवा साहेब बदलून यायचा आणि त्याला पलंग, टेबल, कपाट लागायचं. इकडे खेड्यांतून घंगाळं आणि पलंग बैलगाड्यांत घालून लोक विकायला आणायचे. मामांच्या शेडमध्ये एका दारानं दुष्काळ आत यायचा आणि दुसऱ्या दारानं जिल्हा बाहेर पडायचा. धंदा असा जोरात की मामांचा घसा बसला. त्यात ऊन. पत्रा तापलेला, बाकी सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या नाहीतर पटके, आणि मामा आपले उघड्या टकलानं उभे. कारण डोकं झाकलं तर लोकांना वाटायचं की मालात ह्यांचा वाटा आहे. एका रविवारी त्यांना भोवळ यायला लागली, तशी आत्यानं मागून येऊन ओली दस्ती त्यांच्या डोक्याला घट्ट बांधून टाकली. मामा पुकाऱ्याच्या नादात. त्यांना गार वाटलं एवढंच कळलं. पण समोरच्या गर्दीला काय कळलं? एकामागून एक वस्तू निघतेय आणि प्रत्येकीच्या वेळी दस्ती डोक्याला! कुणीतरी कुजबुजलं, "मामांनी सगळा बाजारच खरेदी केला की काय?" भाव धडाधड पडले. शेवटी तोंड धुवायला गेल्यावर मामांचा हात डोक्याला लागला आणि सगळा घोळ उलगडला. तो सगळा लिलाव त्यांनी रद्द केला आणि पुढच्या रविवारी नव्यानं पुकारला. आत्याशी ते मधले सगळे दिवस फक्त खुणेनं बोलत होते.

मामांमुळे सगळ्यात चिडलेला माणूस होता औशाकडचा एक पानमळेवाला. तो शेडमधलं एक ऑईल इंजिन घ्यायचंच म्हणून आला होता. मामांनी त्या इंजिनाचं पुराण असं काही वाचलं, पिस्टनपासून पाइपापर्यंत, की बिचारा रिकाम्या हातानं परतला. जाताना ओरडून गेला, "तुम्ही लिलाववाले का वैद्य?" हा माणूस लक्षात ठेवा.

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिची एक म्हैस होती, चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. आत्याचा तिच्यावर जीव होता, हे सरळच सांगून टाकतो. स्वतः वरणभाताला बसायच्या आधी आत्या तिच्यापुढे वैरण टाकायची आणि दिवसभराचं गाऱ्हाणं तिच्याशी बोलायची. मामांशी बोलून उपयोग नव्हता, कारण ते प्रत्येक गाऱ्हाण्याची दुसरी बाजू मांडायचे. चंद्रीचा एकच अवगुण होता. आत्या सोडून दुसरं कुणी जवळ गेलं की ती लाथ मारायची. मारायच्या आधी मान वळवून शांतपणे बघून घ्यायची, आणि मग मारायची. मी तिची लाथ खाल्ली आहे आणि थंडीत माझी मांडी त्याची आठवण करून देते.

त्या उन्हाळ्यात आडात दोर पुरेना. टँकरच्या पाण्यातला आपला वाटा आत्या चंद्रीला पाजू लागली. कडबा तर बघायला मिळेना. चंद्री आटली, तिच्या फासळ्या दिसू लागल्या, आणि एका सकाळी आत्याच म्हणाली, "पाणी असंल तिथं धाडा तिला. माझ्या डोळ्यांदेखत नको." पण पाणी होतं कुणाकडे? जनावरं घ्यायला त्या दिवसांत एकच माणूस यायचा, तो हैदराबादचा व्यापारी. त्याच्या ट्रकमध्ये चढलेलं जनावर परत कुणी बघितलं नव्हतं. म्हणून आत्यानं उभ्या जन्मात मामांकडे मागितलं नव्हतं ते मागितलं. "अहो, लाथेचं तेवढं सांगू नका. तेवढं झाकलं तर कुणीतरी शेतकरी घिऊन जाईल तिला." त्या रविवारी मामा न जेवताच शेडवर गेले.

चंद्रीला शेडपुढच्या अंगणातल्या लिंबाखाली बांधलं होतं. आत्या शेडच्या दाराआड उभी होती. मामांनी दस्ती डोक्याला गुंडाळली, आणि मी पाहिलं की त्यांना गाठ मारता येत नव्हती. "ही म्हैस माझी हाय," त्यांनी सुरुवात केली. "म्हणजे माझ्या घरातली. जात चांगली, तब्येतीला घट्ट. आता आटलीय, पण गाभण हाय. खाया मिळालं तर धरंल अंग." इथे ते थांबले. दाराकडे बघितलं. मलाही वाटलं, आज हा माणूस पहिल्यांदा गप्प बसणार. मग ते खाली बघून म्हणाले, "लाथ मारती. मालकीण सोडून समद्यांला मारती. आणि आणखी एक सांगायचं हाय. हिला विकावं असं मालकिणीच्या मनात न्हाई. घेणाऱ्यानं हे बी ठाऊक ठिवून घ्यावं. बोला."

कोण बोलणार? व्यापारी अगदी पडता भाव बोलला. मामा म्हणाले, "एक." कुणी हललं नाही. "दोन." दाराआडून बांगडी वाजली. मामांचं तोंड उघडं होतं, पण तीन काही निघत नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा जरा." तो औशाचा पानमळेवाला होता. त्यानं टोपी काढून खिशात घातली आणि खांद्यावरची दस्ती सोडून स्वतःच्या डोक्याला गुंडाळली. घेणाऱ्यानं दस्ती बांधलेली त्या शेडनं कधी बघितली नव्हती. मामा चक्रावून म्हणाले, "पाव्हणं, तुमचा काय संबंध?"

"सांगतो की. तवा तुम्ही त्या इंजिनाचं खरं सांगितलं, मी शिव्या घातल्या. पर इंजिनाच्या त्या वाचलेल्या पैशातच हिरीचं काम काढलं अन् ती खोल केली. आज औशात माझ्या हिरीला पाणी हाय. तवा माझा संबंध हाय, मामा, न्हाई कसा?" आणि तो व्यापाऱ्याच्या वर भाव बोलला.

व्यापारीही पुढे सरकला, त्याचा तर धंदाच होता. पण त्यानं तोंड उघडायच्या आधी समोरच्या चहावाल्यानं टॉवेल डोक्याला बांधला. मग माझ्या कचेरीतल्या शिपायानं. मग त्या नवाबाच्या खुर्चीवाल्यानं. कुणी टोपी काढली, कुणी पटका सोडला, आणि बघता बघता सगळं अंगण दस्त्या बांधून उभं राहिलं. व्यापारी बावरला. "ये सब सर पे कपडा काय कू बांध रहे?" त्यानं मला विचारलं. ह्या सगळ्यांचा ह्या म्हशीशी संबंध आहे, असं मी सांगितलं. त्यानं चंद्रीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि हसून हात झटकले. "मेरे कने तो रुमाल इच नई, मियाँ. मैं क्या बोलूं? ले जाव."

तरी मामांच्या तोंडून तीन निघेना. शेवटी दाराआडून आत्याच म्हणाली, "तीन."

पुढे पाऊस झाला. चंद्री औशात व्याली आणि दोन दिवसांत तिनं धार काढायला बसलेल्या मळ्यातल्या सगळ्या माणसांना लाथा घातल्या. तिसऱ्या दिवशी पानमळेवाला आत्याच्या दारात हजर. "मामांनी सांगितलंच होतं," तो म्हणाला, "मालकीण सोडून समद्यांला मारती. म्हणून मालकिणीला न्यायला आलोय." झाकून ठेवावी म्हणून आत्यानं ज्या लाथेसाठी हात जोडले होते, त्याच लाथेपायी ती जमेल तेव्हा लातूर-औसा एसटीत बसायची आणि तिकडेच चार दिवस राहायची. परत येताना चरवीभर दूध आणायची. मामा ते प्यायचे, आणि दूध चांगलं आहे म्हणायच्या आधी दस्ती डोक्याला बांधायचे.

आता मामा नाहीत, आत्याही नाही. शेडच्या जागी मोठं दुकान आहे, काचेचं, आणि तिथल्या मालात एकही दोष नसतो. मी कधी त्या बोळातून जातो तेव्हा उगाच आत डोकावतो, विकणाऱ्यांच्या डोक्यांकडे बघतो आणि पुढे निघतो.

वाचकहो, मामांबद्दल इतकं चांगलं लिहिल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. ते माझ्या आत्याचे यजमान होते. त्यांच्या घरी मी कैक वर्षं जेवलो आणि चंद्रीचं दूध प्यायलो. त्यांची ती जुनी दस्ती माझ्याकडे आहे आणि हे लिहिताना मी ती डोक्याला बांधून बसलो आहे. तेव्हा माझं हे सगळं कौतुक रुपयाला चार आणे कमी धरा. उरलेलं मात्र सागवानी आहे.