ऐकणारीचा आवाज

शलाकाचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी ट्रॅममध्ये होतो. कॅनबेराच्या थंडीतली सकाळ, दहा वाजून गेलेले, गुंगालिनहून शहराकडे ऑफिसला जाणारी गाडी, काचांवर आतून साचलेली वाफ. शलाका सिडनीच्या शाळेत जपानी शिकवायची आणि शाळेच्या वेळात कधी फोन करायची नाही. म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "काय बाई, आज मुलांनी तुम्हालाच वर्गाबाहेर काढलं वाटतं?" पलीकडे कुणी हसलं नाही. मग तिच्याबरोबर शिकवणाऱ्या युमिकोचा आवाज आला, इंग्रजीत, एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसा. शलाका स्टाफरूममध्ये चहा करत होती... डोकं दुखतंय म्हणून खुर्चीत बसली... मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात नेल्यावर तासाभरात गेली. एक्केचाळीस वर्षांची होती. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले तरी मी दांडा धरून उभाच. ड्रायव्हरने येऊन विचारलं, "यू ऑलराइट, मेट?" आणि मी सवयीने "नो वरीज" म्हणालो. ते उत्तर मला अजून टोचतं.

मी खटाव तालुक्यातल्या एका लहान गावचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. मास्टर्स करायला सिडनीला आलो तेव्हा हॅरिस पार्कला पाच जणांत दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि इंग्रजीत चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली की मला घाम फुटायचा. एका मिठाईच्या दुकानात रांगेत उभा राहून मी आईशी फोनवर बोलत होतो. पुढे उभी असलेली मुलगी वळून म्हणाली, "तुमचं बोलणं ऐकून मला कराडला गेल्यासारखं झालं. जरा अजून बोला." ती शलाका. कराडची, वडील लवकर गेलेले, आई प्राथमिक शिक्षिका. पुढे सहा आठवडे दर रविवारी ती माझ्यासमोर बसली आणि मी माझं युनिव्हर्सिटीचं प्रेझेंटेशन तिला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी फक्त एवढंच सांगितलं, "तुझं इंग्रजी ठीक आहे रे. तुला वाटतं कुणी ऐकत नाहीये, म्हणून तू पळतोस." मी पास झालो, नोकरी लागली, कॅनबेराला आलो. त्या सगळ्याच्या मुळाशी ते सहा रविवार आहेत, हे मी तिला कधी धड सांगितलं नाही.

तिचं खरं काम मात्र शाळेबाहेरचं होतं. विशीत ती शिष्यवृत्तीवर जपानमधल्या एका छोट्या गावात वर्षभर राहिली होती. भाषा अर्धीमुर्धी, ओळख कुणाची नाही. एकदा बर्फ पडत असताना ऊब मिळेल म्हणून ती स्टेशनजवळच्या गेम पार्लरमध्ये शिरली. मारामारीच्या खेळांची मशीन तिथे पाठीला पाठ लावून ठेवलेली असतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, फक्त पडद्यावर त्याचा खेळ दिसतो. ती हरत राहिली, उठली नाही. शेवटी पलीकडून बस चालवणारे एक गृहस्थ उठून आले, वाकून नमस्कार केला, गरम कॉफीचा कॅन तिच्या हातात दिला आणि मशीनची दांडी कशी धरायची ते दाखवलं. त्या पार्लरमध्ये एक वही असायची. येणारे जाणारे तिच्यात लिहायचे, ज्यांचा चेहरा पाहिला नाही त्यांच्यासाठी निरोप ठेवायचे. काल तू जिंकलास, उद्या पुन्हा ये... अशा तऱ्हेचं. शलाका म्हणायची, "त्या गावात मला नावाने ओळखणारं पहिलं माणूस त्या वहीत भेटलं." पुढे तिच्या लक्षात आलं की लहान गावांतली ही पार्लरं एकेक करून बंद होतायत. तरुण मुलं शहरांत जातात, उरलेले म्हातारे होतात, मशीन बिघडलं की भाग मिळत नाहीत. मग ती दर सुट्टीत एकेका गावी जाऊ लागली. त्या वह्यांची पानं टिपायची, नेहमीच्या खेळाडूंना बोलतं करायचं, त्यांचा आवाज साठवायचा. नऊ वर्षं. कुणी नर्स, कुणी टायर बदलणारा, कुणी शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. "तुमच्याकडे तालमी होत्या ना," ती मला म्हणायची, "तसंच समज. फक्त इथे वस्ताद चष्मा लावतात."

त्या बसचालकांमुळेच तिचा एक नियम तयार झाला. पहिल्या वर्षी त्यांचं बोलणं तिने एका महाविद्यालयात ऐकवलं. त्यात ते आपल्या कामाच्या ठिकाणाविषयी थोडं कडवट बोलले होते. ते फिरत फिरत त्यांच्या साहेबांपर्यंत गेलं आणि बसचालक पार्लरमध्ये यायचेच बंद झाले. शलाकाने त्यांना पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. तेव्हापासून ती प्रत्येकाला शब्द द्यायची: तुमचं बोलणं आधी तुम्ही ऐका. जे नको असेल ते सांगा, ते काढू. आणि तुम्ही हो म्हणालात की मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकू, नको असलेलं कुठेच उरणार नाही. तो शब्द पाळायचं काम माझ्याकडे होतं, कारण कॉम्प्युटरचं सगळं मी बघायचो. तिने वेळा लिहून पाठवायच्या, मी कापायचं, संमती आली की मूळ फाइल पुसायची आणि तिला "पुसलं" असा एका शब्दाचा मेसेज करायचा. मला या कामाचा अभिमान होता. तिच्यासाठी करता येण्यासारखं हे एकच होतं माझ्यापाशी.

सुरुवातीलाच ती म्हणाली होती, "आणि हे बघ, मलापण काढून टाक."

"अगं पण प्रश्न ऐकल्याशिवाय माणसाला कळणार कसं, काय चाललंय?"

"उत्तरावरून प्रश्न कळतो. एवढा इंजिनिअर झालास, डोकं चालव की जरा!"

मग मी तिला काढत गेलो. प्रश्न काढले, हसणं काढलं. जपानी बोलण्यात ऐकणाऱ्याला सारखी साथ द्यावी लागते म्हणतात. शलाका ती आपल्या मराठी "हं"ने द्यायची आणि ते "हं" समोरच्याला बरोबर पोचायचं. तेही काढलं. पडद्यावर तिच्या "हं"ची बारीक लाट मी न ऐकता, नुसत्या डोळ्यांनी ओळखायला लागलो होतो. एकदा तिला गमतीने म्हटलंही, "नऊ वर्षांत तुझा एक शब्द सापडणार नाही कुणाला." ती म्हणाली, "शाब्बास. बढती देते."

हे मी इतकं सविस्तर लिहितोय कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं. अंत्यसंस्कारासाठी तिची आई, आमच्या काकू, कराडहून आल्या आणि फ्लॅट रिकामा करायचा म्हणून सिडनीत वेंटवर्थव्हिलला तिच्या घरीच राहिल्या. मी शनिवार-रविवार कॅनबेराहून बसने जायचो. तिसऱ्या शनिवारी आम्ही तिची पुस्तकं खोक्यात भरत होतो. काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्याकडे तिचा आवाज असेल ना रे? माझ्याकडे फोटो आहेत तिचे. पण बोलताना कुठेच नाही." खरंच कुठे नव्हती. व्हॉइस मेसेजचा तिला कंटाळा होता, शिक्षिका आहे मी, लिहीन, म्हणायची. फोन लावला तर निरोप ठेवा म्हणणारा आवाज कंपनीचा. काकू रोज तिच्याशी बोलायच्या, पण रोज बोलणाऱ्या मुलीचं बोलणं कोण साठवून ठेवतं? "नऊ वर्षं काम केलंत तुम्ही दोघांनी," त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं. कापलं, मग मूळही पुसलं. काकूंनी हातातलं पुस्तक खोक्यात सरळ लावलं. "सगळं?" एवढंच विचारलं त्यांनी. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या रात्री झोप नव्हतीच. रविवारी सकाळी आठवलं की एक फाइल शिल्लक आहे. एप्रिलच्या सुट्टीत ती जपानच्या उत्तरेकडच्या एका गावी किमुरासान नावाच्या टोफू करणाऱ्या आजोबांना भेटून आली होती. ते जिथे खेळायचे ते पार्लर या वर्षी बंद होणार होतं. ते रेकॉर्डिंग कापायचं राहिलं होतं, माझ्याच आळसामुळे. मी हेडफोन कानाला लावून ऐकलं. किमुरासान बोलतायत, मागे मशीनची टकटक, आणि तिचं "हं"... "हं"... मग मध्ये अकरा मिनिटं अशी की आजोबा बोलता बोलता थांबतात, आणि शलाका बोलू लागते. सलग, हळू, मध्येच हसून, चहाचे पेले ठेवल्याचा आवाज येईपर्यंत. मला जपानी येत नाही. पण त्यात एकदा "कराड" आलं. नऊ वर्षांत ती कुणाही खेळाडूसमोर स्वतःविषयी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

पण किमुरासानांची संमती बाकी होती. युमिकोने त्यांना पत्र लिहिलं, शलाका गेल्याचं कळवलं, सोबत रेकॉर्डिंगही दिलं. उत्तर दोन आठवड्यांनी आलं. युमिकोने ते मला फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. ज्या ठिकाणी ते आपल्या भावाविषयी बोलायला लागतात तिथपासून चहा येईपर्यंतचं सगळं काढावं. ते फक्त शलाकासानांना सांगितलं होतं, आणि त्यावर त्यांनी जे सांगितलं तेही तेवढ्यापुरतंच होतं. बाकीच्या ठिकाणी मात्र शलाकासानांचा आवाज काढू नये. मी कुणाशी बोलत होतो ते ऐकणाऱ्याला कळायला हवं, असं आजोबांनी लिहिलं होतं.

भावापासून चहापर्यंत. तीच अकरा मिनिटं.

त्या शनिवारी लॅपटॉप घेऊन काकूंसमोर बसलो. त्या मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं, "कराड"सुद्धा. लपवायला हवं होतं कदाचित, मला जमलं नाही. त्यांचा हात थांबला. "काय म्हणाली कराडबद्दल?"

"मला कळत नाही काकू, जपानीत आहे."

"युमिकोला कळेल."

"कळेल."

बराच वेळ त्या एकाच काडीची पानं खुडत होत्या. मी म्हटलं, "एक प्रत ठेवू का? तुमच्यापुरती. कुणाला कधी कळणार नाही." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि शलाका असती तर तिने माझ्याकडे कसं पाहिलं असतं ते मला दिसलं.

"शब्द कुणी दिला होता त्या माणसाला?" काकूंनी विचारलं.

"शलाकाने."

"मग मला कशाला विचारतोस?"

मी अकरा मिनिटं कापली. मूळ फाइल पुसली. सवयीने फोन हातात घेतला, तिचं नाव उघडलं, "पुसलं" असं टाइप केलं, आणि मग लक्षात आलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या होत्या. नळ बराच वेळ वाहत राहिला...

उरलेली एकोणतीस मिनिटं मी त्यांच्या टॅबवर घालून दिली. त्यात शलाकाचा जेमतेम एखादा प्रश्न आहे, बाकी नुसतं "हं". मला वाटलं, हे देऊन मी त्यांची थट्टाच केली.

गेल्या रविवारी शेवटची खोकी न्यायला गेलो. दुपारची वेळ, दार नुसतं लोटलेलं. आतून किमुरासानांचा आवाज येत होता आणि त्याच्यावर काकूंचा. मला वाटलं कुणी आलंय. डोकावलो तर खोलीत सामान उरलेलं नव्हतं, एक खुर्ची आणि खिडकीच्या कट्ट्यावर टॅब. काकू साड्यांच्या घड्या घालता घालता बोलत होत्या. आमच्याकडे मुलांना गोष्ट सांगताना हुंकार द्यायला लावतात. हुंकार येतोय तोवर मूल जागं आहे, गोष्ट पुढे न्यायची. शलाकाला लहानपणी त्यांनीच शिकवला असणार.

"...आणि शेजारच्या वहिनींनी गच्चीवर पत्रा टाकून घेतला बरं का," काकू सांगत होत्या.

"हं," शलाका म्हणाली.

"दोडक्याचा वेल काढावा लागला त्यापायी. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी लावू परत."

मध्ये किमुरासान काहीतरी लांबलचक बोलले. काकू तेवढा वेळ थांबल्या, त्यांचं झाल्यावर घडीवरून हात फिरवला.

"पुढच्या वर्षी लावू ना गं?"

"हं."

मी खोकी न उचलता दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसलो.